डॉट कितले फावट? एका जुन्या डायरीतले पाच ईमेल पत्ते

डिचोलीहून एका मुलीने विचारलंय: वडील गेल्यावर त्यांची १९९८ची डायरी सापडली. शेवटच्या पानावर त्यांच्या स्वतःच्याच नावापुढे पाच ईमेल पत्ते आहेत, वेगवेगळ्या शाईंत, त्यातले चार खोडलेले. एका माणसाला पाच पत्ते कशाला लागत? जीमेल नव्हतं तेव्हा स्वतःचं खातं मिळवायचं तरी कसं? आणि यातल्या एखाद्या पत्त्यावरची पत्रं आज मिळतील का?

बाय, पाचही पत्ते उतरवून पाठवलेस हे बरं केलंस. नावाचा भाग मी इथे देत नाही. पत्त्याचा इतिहास नाहीतरी ॲटच्या उजवीकडेच असतो. मी म्हापशाला १९९७ पासून आधी कॉम्प्युटर क्लास आणि मग सायबर कॅफे चालवला. लोकांची किती खाती उघडून दिली त्याची मोजदाद नाही. तुझ्या वडिलांची माझी ओळख नव्हती, पण त्यांची डायरी मला वाचता येते.

आधी एक ध्यानात घे. तेव्हा ईमेल नुसतं ‘उघडता’ येत नसे. फोन हवा, फोनला मॉडेम (कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणारी पेटी) हवा, आणि पलीकडे कोणाची तरी लाईन हवी. ती लाईन ज्याची, त्याचं नाव तुझ्या पत्त्याला चिकटायचं. कॉलेज सुटलं की पत्ता गेला. नोकरी सोडली की गेला. वर्षाचे पैसे भरले नाहीत की गेला. भाड्याच्या बिऱ्हाडासारखं होतं ते. तुझ्या वडिलांनी पाच बिऱ्हाडं केली, एवढंच.

पहिला पत्ता ‘बीसीगोवा डॉट अर्नेट डॉट इन’ असा संपतो आणि त्याच्यापुढे कंसात ‘मार्फत’ लिहिलंय, म्हणतेस. तो दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा, म्हणजे एनआयओचा पत्ता. अर्नेट हे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये हाती घेतलेलं शिक्षण आणि संशोधनाचं जाळं. आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, मुंबईचं एनसीएसटी म्हणजे सॉफ्टवेअरचं राष्ट्रीय केंद्र अशा ठिकाणी इंटरनेट सामान्य माणसाला दिसण्याच्या कितीतरी आधी ईमेल होतं. अर्नेटवरच्या लहान केंद्रांचं काम टपालाच्या थैलीसारखं चाले: दिवसभराची पत्रं तिथल्या मशीनवर साठायची, मग ते मशीन ठरलेल्या वेळी फोन फिरवून सगळी थैली पुढच्या केंद्रात ओतायचं आणि येणारी थैली उचलून आणायचं. सकाळी लिहिलेलं पत्र संध्याकाळी निघालं तरी कोणी कुरकुरत नसे. एनआयओच्या मशीनला पुढे ‘दर्या’ असं नाव होतं; ‘दर्या डॉट एनआयओ डॉट ऑर्ग’ असे पत्ते शास्त्रज्ञांच्या कार्डांवर छापलेले असत. सरकारी यंत्रांना असली गोड नावं क्वचितच मिळतात.

तुझे वडील तिथे नोकरीला नव्हते. मग त्यांचं कोणीतरी तिथे असणार, शेजारी, मेव्हणा, शाळासोबती. मार्फतचा रिवाज असा: पत्र त्या माणसाच्या पत्त्यावर यायचं, विषयाच्या ओळीत ‘अमुकतमुकना द्यावे’ असं लिहिलेलं असायचं. तो ते प्रिंट करून शनिवारी घरी घेऊन यायचा. म्हणजे घरातलं खाजगी पत्र आधी त्याने वाचलेलं असायचंच. नियमात बसत नव्हतं ते, पण मोठ्या आजारपणाच्या किंवा लग्न ठरवायच्या वेळी नियम कोण बघतो? तरी त्यावर कोणी खरं भांडणबिंडण लिहीत नसे. ‘सर्व कुशल’ एवढंच.

गोव्यात एक गंमत होती. गोव्याबाहेरचे गोंयकार ईमेलवर आधी पोचले आणि गोवा नंतर. हर्मन कार्नेरो या अमेरिकेतल्या तरुण मुलाने १९९४ मध्येच गोवानेट ही ईमेलवरची चर्चायादी सुरू केली होती, आणि कुठल्या कुठल्या देशांतले गोंयकार त्यावर एकमेकांशी वाद घालत होते. इथे म्हापशात मात्र त्यांच्या आईबापांना फॅक्स करायलासुद्धा रांग. खातं हवं ही ओढ बाहेरून आली: मुलगा बहारिनहून, बोस्टनहून फोनवर सांगायचा, ‘ईमेल घ्या, ट्रंककॉलचे पैसे वाचतील.’

मधल्या काळात मुंबईतल्या काही खाजगी कंपन्या नुसतं ईमेल विकायच्या. त्यांचे पत्ते ओळभर लांब, गिऱ्हाईक व्यापारी. आपल्या घरांत ते आले नाहीत, तेव्हा पुढे जाऊ.

दुसरा पत्ता. ह्याच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने म्हणजे व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे. दर होता वर्षाच्या २५० तासांना व्यक्तीसाठी ५,००० रुपये, वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. विद्यार्थ्याला ५०० रुपयांत मिळायचं, पण त्यात चित्र नाही, नुसती अक्षरं. त्याला शेल अकाउंट म्हणत. गोव्यात नोड, म्हणजे फोन लावून इंटरनेटला जोडायचं केंद्र, नव्हता तोवर ज्यांना अगदीच राहवत नसे ते मुंबईच्या खात्यावर एसटीडी लावायचे, तेही रात्री अकरानंतर, पाव दर लागला की. मी स्वतः तसं केलंय. फोनचं बिल आल्यावर माझ्या वडिलांनी मॉडेम उचलून माडीवर नेऊन ठेवला होता.

मग दूरसंचार खात्याचा गोव्याचा नोड आला आणि पत्ते मिळू लागले ते असे: गोवा, मग एकचा आकडा, मग डॉट, मग ‘डॉट’, मग डॉट नेट डॉट इन. यातला मधला डॉट म्हणजे टिंब नव्हे, डिपार्टमेंट ऑफ टेलिकम्युनिकेशन्सची आद्याक्षरं. आता हे आयएसडीवर तोंडी सांग बघू. माझ्याकडच्या फोनवरून एक गृहस्थ मस्कतला भावाला पत्ता सांगत होते: ‘गोवा वन डॉट डॉट डॉट नेट डॉट इन.’ पलीकडून बहुधा प्रश्न आला, कारण हे ओरडले, ‘तीन फावट! ना रे, टिंबां तीन न्हय, मदलो डॉट बरोवपाचो!’ मीटर पळतोय, मागे रांग हसतेय. भावाने तीन टिंबं घालून पत्र पाठवलं आणि ते परत गेलं. शेवटी मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत पत्ता लिहून तो फॅक्स करायला लावला. ईमेलचा पत्ता फॅक्सने. तेव्हापासून दुकानात डॉटवाला पत्ता कोणी सांगू लागला की मी आधी विचारायचो, ‘डॉट कितले फावट?’, म्हणजे डॉट किती वेळा?

हे खातं मिळवायला छापील अर्ज, ओळखीचा पुरावा, फोनच्या बिलाची प्रत आणि पैसे. बिल ज्याच्या नावावर त्याच्या नावावर खातं. घरचा फोन आजोबांच्या नावावर, तर ईमेलही आजोबांच्या नावावर, मग आजोबा कीबोर्डकडे ढुंकूनही बघत नसले तरी. बायकांच्या नावाचं खातं मी पहिल्या दोन वर्षांत एकच पाहिलं, ते एका डॉक्टरबाईंचं. नवरा-बायको, दोन मुलगे आणि भाडेकरू मिळून एक पत्ता, असं चालायचं. पत्र आलं की जेवायच्या टेबलावर मोठ्याने वाचायचं. ‘पर्सनल’ हा शब्द त्या पत्त्याला मी तरी लावणार नाही.

शेल अकाउंट कसं दिसायचं ते तुझ्या पिढीने पाहिलेलं नाही. मॉडेमची ती किंचाळी संपली की काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड. मग ‘पाइन’ नावाचा प्रोग्राम. माउस नाही, सी दाबलं की नवं पत्र, आय दाबलं की आलेल्या पत्रांची यादी, क्यू दाबलं की बाहेर. पडद्याच्या तळाशी उलट्या व्हीसारखी टोपी आणि एक्स असं दाखवलेलं असे, म्हणजे कंट्रोल धरून एक्स दाबा, पत्र जाईल. एक निवृत्त मास्तर रोज तक्रार करायचे की पत्र जात नाही. बाजूला उभं राहून पाहिलं, तर ते शिफ्ट दाबून खरीखुरी टोपी काढायचे आणि पुढे एक्स टाइप करायचे. त्यांच्या मजकुराखाली त्या टोपी-एक्सची रांगच लागली होती, आठवड्याभराची.

पावसात आणखी मजा. लाईनवर खरखर आली की मजकुरात आपोआप कचरा अक्षरं उमटायची. लोकांना वाटे व्हायरस. मृगाच्या पहिल्या गडगडाटाला फोनची वायर मॉडेममधून उपटायची विसरलात तर मॉडेम गेलाच. वीज प्लगमधून येईल म्हणून लोक प्लग काढत. ती यायची टेलिफोनच्या तारेवरून. जूनमध्ये माझ्याकडे मेलेल्या मॉडेमांचा ढीग असे.

आणि मराठी? देवनागरी फॉन्ट होते, पण ज्याचा त्याचा वेगळा. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर पत्र म्हणजे प्रश्नचिन्हं आणि विचित्र अक्षरं. म्हणून सगळे रोमन अक्षरांत मराठी लिहीत. त्यात ल आणि ळ एकच. ‘दादाचा फोन काल आला’ हे ठीक, पण घाईत कोणी नुसतं ‘दादा, काल आला’ असं पाठवलं की वाचणाऱ्याने काल वाचायचं की काळ, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. एका घरी यावरून खरंच रडारड झाली होती.

तिसरा पत्ता हॉटमेलचा, आणि माझ्या मते तुझ्या वडिलांचा पहिला स्वतःचा पत्ता हाच.

हॉटमेल सुरू झालं ४ जुलै १९९६ला. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ या दोघांनी काढलं, आणि १९९७च्या अखेरीला मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. याहूने १९९७च्या ऑक्टोबरात आपलं मेल आणलं, आपल्याकडे रेडिफने आणलं. या सगळ्यांची करामत एकच: पत्र आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर न येता त्यांच्याकडेच राहायचं आणि ब्राउझर असलेल्या कुठल्याही मशीनवर उघडायचं. फोन नको, मॉडेम नको, आजोबांच्या नावाचं बिल नको. कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे टाकले की झालं. पोरींनी, विद्यार्थ्यांनी, भाडेकरूंनी स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला तो इथून.

अर्थात फॉर्म भरताना दमछाक व्हायची. काही अमेरिकन फॉर्मांना पाच आकडी पिन हवा. आमचा ४०३५०७ त्यात मावायचा नाही, मग शेवटचा आकडा कापायचा. ‘गुप्त प्रश्न’ म्हणून विचारायचे आईचं माहेरचं आडनाव. अगं, गावात ते कोणाला माहीत नसतं? लग्नाच्या पत्रिकेत मामाचं नाव छापतात आपल्याकडे. मी लोकांना सांगायचो, खरं उत्तर देऊच नका, आवडती मासळी लिहा. तर निम्म्या म्हापशाचं उत्तर ‘इसवण’.

हॉटमेलची जागा २ एमबी. चार फोटो आणि दोन गणपतीच्या ॲनिमेशनवाल्या शुभेच्छा आल्या की पेटी भरली, पुढची पत्रं परत. म्हणून शुक्रवारी बाजाराला आलेली माणसं चवळी, मिरची, सुकी मासळी घेऊन पिशव्यांसह कॅफेत यायची आणि पहिल्यांदा जुनी पत्रं पुसायची. जे ठेवायचं ते प्रिंट, पानाला दहा रुपये. आज तुझ्या घरी त्या काळचं काही उरलं असेल तर ते बहुधा अशा प्रिंटातच.

मोफत खात्याची खरी मेख मात्र दुसरी होती. ठराविक दिवस लॉगिन केलं नाही की खातं झोपायचं आणि आतली पत्रं पुसली जायची. काही सेवांवर ही मुदत पुढे ३० दिवसांवर आली होती. ऑफिसात बसणाऱ्याला त्याचं काय? पण आपल्याकडे घरोघरी तारवटी, म्हणजे खलाशी. जहाजावर सहा-नऊ महिने, आणि बंदरात उतरला तर फोनचं बूथ शोधेल की ब्राउझर? मग तो जाताना पासवर्ड बहिणीला देऊन जायचा, बहिणीला जमत नसेल तर मला. माझ्याकडे एक निळी वही होती. तिच्यात वीस-बावीस खलाशांची नावं, पासवर्ड आणि पुढे तारखा. दर पंधरवड्याला, सहसा सोमवारी सकाळी गिऱ्हाईक नसताना, मी एकेक खातं उघडून बंद करायचो. याला आम्ही ‘जागं ठेवणं’ म्हणायचो. पत्रं वाचायची नाहीत असा माझा नेम होता, पण यादीतले विषय दिसायचेच. कोणाचं लग्न मोडतंय ते मला त्याच्या आधी कळायचं.

२००१च्या पावसात मला कावीळ झाली, दीड महिना दुकान बंद. परतल्यावर वही काढली. अकरा खाती मेलेली. त्यातल्या एकाला त्याच्या एजंटाचं बोलावणं त्याच खात्यावर येणार होतं. ते आलं असणार, आणि परत गेलं असणार. तो कोचीत उतरून घरी आला तेव्हा मला काही बोलला नाही, चहा प्याला आणि गेला. पण पुढे त्याने वहीत नाव ठेवलं नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येकाच्या पत्राची एक प्रत दुसऱ्या पत्त्यावरही जाईल अशी सोय आधी करायचो, मगच वहीत नाव.

चौथा पत्ता संचारनेटचा. ऑक्टोबर २००० मध्ये दूरसंचार खात्याच्या सेवेची बीएसएनएल कंपनी झाली, आणि तिचं हे इंटरनेट. कार्ड विकत घ्यायचं, झाकलेला नंबर खरवडायचा, मॉडेमने १७२२३३ फिरवायचा. तासांबरोबर ईमेलचा पत्ता मिळायचा. म्हणजे पुन्हा लाईनवाल्याचा पत्ता, तास संपले की टांगता. हॉटमेल असताना हा का घेतला असेल? माझा अंदाज सांगतो: संचारनेटची पत्रं आउटलुक एक्स्प्रेस या घरच्या कॉम्प्युटरवरच्या ईमेल प्रोग्राममध्ये उतरवून घेता यायची. दोन मिनिटं लाईन लावायची, पत्रं खेचायची, लाईन तोडायची आणि सावकाश वाचायची. घरी नुकताच कॉम्प्युटर आलेल्या माणसाला हे फार स्वस्त पडे.

पाचवा, न खोडलेला, रेडिफमेलचा, नावापुढे ४७ लावलेला. वडिलांचं जन्मसाल असेल. नुसतं नाव तोवर दुसऱ्या कोणी घेतलं असणार. जीमेल १ एप्रिल २००४ला आलं, १ जीबी जागा देऊ म्हणाले तेव्हा लोकांना एप्रिल फूल वाटलं. सुरुवातीला आमंत्रणाशिवाय मिळत नसे, २००७ मध्ये ते सगळ्यांना खुलं झालं. वडिलांना बहुधा कोणी आमंत्रण दिलं नाही, किंवा त्यांना सहावं बिऱ्हाड करायचा कंटाळा आला.

आता पत्रं मिळतील का. पहिल्या पत्त्यावर त्यांचं काही नव्हतंच. गोवा-वनवाला पत्ता आणि संचारनेट यांच्या सर्व्हरवर शोधू नकोस. आउटलुक एक्स्प्रेस पत्र उतरवलं की नेहमीच्या सेटिंगमध्ये सर्व्हरवरची प्रत काढून टाकायचं. हॉटमेल इतकी वर्षं उघडलं नसेल तर रिकामं. रेडिफवर अंदाजाने पासवर्ड ठोकत बसू नकोस, खातं कुलूपबंद होईल. मृत्यूचा दाखला जोडून त्यांच्याकडे रीतसर विचार.

पण तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंयस की माळ्यावर त्यांचा जुना सीपीयू आहे. ते आधी लिहायला हवं होतंस! संचारनेटची पत्रं असलीच तर त्याच्या हार्ड डिस्कमध्ये, ‘डीबीएक्स’ शेपटीच्या फाइलींत. इनबॉक्स आणि पाठवलेली पत्रं अशा वेगवेगळ्या फाइली असतात, पाठवलेली सहसा कोणी पुसत नाही. विंडोज ९८ असेल तर त्या ‘ॲप्लिकेशन डेटा’मधल्या ‘आयडेंटिटीज’ नावाच्या फोल्डरात सापडतात. युडोरा हा दुसरा ईमेल प्रोग्राम वापरत असले तर आणखी सोपं, ती फाइल साध्या मजकुराचीच असते. फ्लॉप्या मिळाल्या तर चकतीवर बुरशीचा पांढरा डाग आहे का ते उजेडात बघ. असेल तर कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नकोस, ड्राइव्हही जाईल.

सीपीयू चालू करून बघायचा मोह आवर. वीस पावसाळे खाल्लेला पॉवर सप्लाय आहे तो. झाकण काढ, रुंद राखाडी पट्टीसारखी वायर आणि चार पिनांची वायर अलगद सोडव, चार स्क्रू काढ आणि नुसती डिस्क जाड कापडात गुंडाळून घेऊन ये. यूएसबीला जोडायची जुनी आयडीई केबल माझ्याकडे आहे. डिस्क टकटक वाजली तर मी लगेच बंद करीन, आणि मग पणजीला डेटा काढणाऱ्याकडे न्यावी लागेल. शुक्रवार सोडून ये, त्या दिवशी अजूनही म्हापशाला गाडी लावायला जागा मिळत नाही.